माव्यानं पोरांची तोंडं मिटत चालली आहेत

संपादक महोदय,

विश्रामबागेत माझी खानावळ आहे. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडची कॉलेजची मुलं जेवायला येतात. त्यातला शेवटच्या वर्षाचा एकजण सारखा म्हणायचा, 'काकू, आमटी तोंडाला झोंबते, तिखट कमी घाला.' तिखट नेहमीएवढंच होतं. पुढे त्याला भाकरीचा घासही मोठा घेता येईना. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, तोंडात तीन बोटं उभी जायला हवीत. त्याची दोनसुद्धा जात नव्हती. कारण मावा! सुपारी, तंबाखू, चुना प्लॅस्टिकच्या तुकड्यात चोळलेला. सुपारीनं गालाची आतली बाजू ताठ होते, ती पुन्हा पहिल्यासारखी होत नाही आणि कर्करोगाचा धोका मागे लागतो.

२०२४ मध्ये कुपवाडला मेफेड्रोन या अमली पदार्थाचा साठा सापडला, तेव्हा पालकांनी मला फोन करून करून चौकशी केली. माव्याबद्दल कुणी विचारत नाही. घरात वडीलच खात असतील तर मुलाला बोलणार कोण?

२००३ च्या कायद्यानं शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला बंदी आहे. तरी फाटकासमोरच्या टपऱ्या बिनघोर चालतात. पोलीस आणि अन्न व औषध प्रशासनानं त्या या सत्रातच हटवाव्यात. सांगलीत दंत महाविद्यालय आहे. तिथल्या डॉक्टरांकडून प्रवेशावेळीच प्रत्येक मुलाचं तोंड तपासून घ्यावं. तंबाखू सोडण्यासाठीचा १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक वसतिगृहांत लावावा. माझ्या खानावळीत मी तो लावला आहे.

— एक खानावळचालक, विश्रामबाग, सांगली