शॉकअप बदलण्याआधी

जळगाव

प्रिय संजू,

सप्रेम नमस्कार. सकाळी गाडीचा मागचा डावा कोपरा बसलेला असतो, सुरू केली की थोड्या वेळात उठतो, आणि गॅरेजवाला म्हणतोय दोन्ही शॉकअप बदला. थांब भो. हे लक्षण शॉकअपचं नाही.

तुझ्या बीएमडब्ल्यू एक्स फाइव्हला पुढे साध्या स्प्रिंगा आहेत, हवा फक्त मागे. तिथे वजन पेलते ती रबरी एअर बॅग. शॉकअप तिच्यापासून वेगळा आणि त्याचं काम उसळी आवरण्याचं. तो गेला की अंगावर तेल ओघळतं, गतिरोधकावरून उतरल्यावर मागचा भाग हेलकावत राहतो. उभी गाडी रात्रीतून बसते ती हवा गेल्यामुळेच.

आधी मोजमाप घे. सपाट काँक्रीटवर गाडी लावून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची दोन्ही बाजूंना संध्याकाळी मोज आणि सकाळी पुन्हा मोज. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी 42 अंश आणि पहाटे 27 असले तर नुसत्या गारव्यानेच बॅगमधली हवा 5 टक्क्यांच्या आसपास आकसते. तेव्हा दोन्ही बाजू सारख्याच, जराशा उतरल्या तर काळजी नको. एकच बाजू उतरली तर गळती धर.

मग बॅग साध्या पाण्याने धू. रबर जिथे खाली दुमडतं त्या घडीत शेतरस्त्याचा काळ्या मातीचा चिखल वाळून बसतो आणि गाडी वर-खाली होताना रबर घासत राहतो. भेग तिथेच पडते. गाडी उठलेली असताना घडीवर, वर हवेची नळी शिरते तिथे आणि व्हॉल्व्ह ब्लॉकच्या, म्हणजे दोन्ही बॅगांना हवा वाटून देणाऱ्या ठोकळ्याच्या, जोडांवर साबणाचं पाणी मार. मोठे बुडबुडे येतीलच असं नाही. बारीक पांढरा फेस हळूहळू जमत गेला, की तीच जागा. बॅग आणि नळी दोन्ही ठीक निघाल्या तर संशय व्हॉल्व्ह ब्लॉकवर.

उद्या कोपरा उठेनासाच झाला तर फ्यूज, रिले (कॉम्प्रेसरची वीज चालू-बंद करणारा स्विच) आणि बॅगेत हवा भरणारा कॉम्प्रेसर या क्रमाने बघ. मात्र तोवर थांबू नकोस. गळती भरून काढायला कॉम्प्रेसर सारखा चालतो, तापतो आणि शेवटी जळतो. मग बॅगच्या खर्चावर त्याचाही खर्च.

बॅगा बदलायच्या तर दोन्ही बदल, वय दोघींचं सारखंच आहे. पार्ट नंबर चॅसिस नंबरवरून काढून घे. पुढच्या चाकांना ओंडके लाव, स्कॅनरने, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या यंत्राने, लेव्हलिंग (गाडीची आपोआप उंची राखणं) बंद कर. गाडी उचलून बॉडीखाली घोड्या, म्हणजे लोखंडी टेकू, दे. नुसत्या जॅकवर खाली शिरायचं नाही. हवा स्कॅनरनेच सोडून घे, कारण भरलेल्या बॅगची नळी उघडणं धोक्याचं. नळीचं टोक धारदार पात्याने अगदी सरळ काप आणि जोड नवीनच वापर. जुन्या जोडातून हवा पुन्हा झिरपते.

शॉकअपमधून खरंच तेल येत असेल तर तेही याच वेळी जोडीने बदल. बोल्ट काढण्याआधी खालच्या आर्मला, म्हणजे चाक धरून वर-खाली होणाऱ्या दांड्याला, दुसरा जॅक दे. आर्मला खाली जाण्यापासून शॉकअपच अडवतो. तो निघाला की आर्म एकदम पडतो आणि ब्रेकच्या पाइपला हिसका बसतो. नव्याचे बोल्ट आधी हलकेच लाव. गाडी नेहमीच्या उंचीवर आल्यावरच टॉर्क रेंचने कस, नाहीतर बोल्टाभोवतीचा रबरी बूश कायम पिळलेला राहून लवकर फाटतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बॅगेत हवा भरल्याशिवाय गाडीचं वजन तिच्यावर टेकवायचं नाही. रिकामी बॅग चुकीच्या जागी दुमडते, चिमटते आणि नवी कोरी असूनही पहिल्याच दिवशी फुटते. चाक लोंबकळत असताना स्कॅनरने हवा भर, घडी सगळीकडून सारखी आणि बिनपिळाची बसली का ते हात फिरवून बघ, मग जॅक बोटबोटभर उतरव. शेवटी स्कॅनरने उंचीचं कॅलिब्रेशन (योग्य उंची नव्याने ठरवून देणं) आणि जोडांवर पुन्हा साबणाचं पाणी.

शहाद्यात स्कॅनरवाला नसेल तर गाडी धुळ्याला ने, पण कॉम्प्रेसरवर ताण नको म्हणून मागे सामान भरू नकोस. दोन्ही वेळची मोजमापं मला कळव. आई-आबांना नमस्कार.

तुझा,
विलास