पिंपात काय होतं, एवढंच सांगा

जून 2025

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवाच्या अंकात पहिल्या पानावर ‘तेलतवंग नाही, धोका टळला’ हा मथळा वाचला आणि काल दिवसभर तेच डोक्यात घोळत राहिलं. 9 जूनला केरळसमोर पेटलेलं वान हाय 503 हे मालवाहू जहाज अजून धुमसतंय. चार खलाशी सापडलेले नाहीत. जहाजावर दीडशेच्या आसपास डबे, म्हणजे कंटेनर, धोकादायक मालाचे आहेत. आणि आपला वार्ताहर पाण्यावर तेल दिसलं नाही म्हणून निर्धास्त झाला. तेल दिसतं हो. काळं असतं, तरंगतं, वास मारतं, विमानातूनही ओळखू येतं. जे दिसत नाही त्याचं काय, हे त्या बातमीत एका ओळीनंही नाही.

मी न्हावा शेवा बंदराजवळच्या एका कंटेनर यार्डात बावीस वर्षं टॅली क्लार्क, म्हणजे आल्यागेल्या डब्यांची नोंद ठेवणारा, होतो. धोकादायक मालाचा डबा आला की आधी चारही बाजूंची चित्रं बघायची, मग कागद, मग सील. टोकावर उभा केलेला निळा चौकोन, त्यात ज्योत आणि खाली 4 हा आकडा असेल, तर त्या मालाला पाण्याचं वावडं. शेजारी 1402 लिहिलेलं असेल, तर तो माल म्हणजे कॅल्शियम कार्बाइड. पावसाळ्यात असा डबा पाणी तुंबतं त्या बाजूला ठेवायचा नाही, हे आमच्याकडच्या नव्या पोरालाही पहिल्या आठवड्यात शिकवलं जायचं. कार्बाइड आपल्या लोकांना नवं नाही. बंदी असूनही त्याच्या पुड्या आंब्याच्या पेट्यांत सापडतात, आणि गॅस वेल्डिंगवाल्याला विचारा, तो सांगेल पाणी पडल्यावर काय होतं. गरम होतं, ॲसिटिलीन सुटतो, ठिणगी मिळाली की पेटतो आणि मागे उरतो चुन्याचा गाळ. गेल्या महिन्यात, 25 मे 2025 रोजी, एमएससी एल्सा 3 हे मालवाहू जहाज केरळच्या किनाऱ्यासमोर बुडालं, तेव्हा त्याच्या 640 डब्यांपैकी 13 धोकादायक मालाचे होते आणि त्यातल्या 12 मध्ये हेच कार्बाइड होतं. तेव्हाही आपल्याकडे मोठा मथळा कशाचा होता? जहाजात किती टन फर्नेस ऑइल, म्हणजे इंधनाचं जाड तेल, आहे याचा.

तेलाचं एक बरं असतं. कुठे आहे ते कळतं, पुढे कुठे जाणार याचा अंदाज बांधता येतो, फुगीर पट्टे टाकून अडवता येतं, उपसता येतं. रसायनांचं तसं नाही. काही हवेत उडून वाऱ्याबरोबर गावावर येतात, काही तरंगतात, काही पाण्यात विरघळून दिसेनाशी होतात, काही तळाशी जाऊन बसतात, आणि काही पाणी लागताच दुसरंच काहीतरी बनतात. ॲसिड एकदा पाण्यात मिसळलं की ते गोळा करायला काही उरतच नाही. माणसं लांब ठेवायची आणि पाणी मोजत राहायचं, एवढंच हातात असतं. म्हणून अशा अपघातात पहिला प्रश्न ‘तेल किती सांडलं’ हा नसतोच. आत काय आहे, किती आहे, पिंपांत आहे की पोत्यांत, जहाजाच्या कोणत्या भागात आहे, आणि वारा कुठून कुठे वाहतोय, हे आधी विचारायचं. त्याची उत्तरं मिळाल्याशिवाय विझवायला जाणाऱ्यानं पाणी मारायचं की नाही हेसुद्धा ठरवता येत नाही. 2021 साली कोलंबोसमोर जळालेल्या एक्स-प्रेस पर्ल या जहाजावर नायट्रिक ॲसिडचा एक डबा गळत होता आणि ते जहाजावर माहीत होतं. कतारच्या हमाद बंदरानं आणि आपल्या गुजरातच्या हजिरा बंदरानं तो उतरवून घेतला नाही. पुढे जहाजच गेलं, आणि त्यावरचे प्लास्टिकचे दाणे श्रीलंकेच्या वाळूतून लोक अजून चाळून काढतायत.

आता मी का चिडलोय ते सांगतो. 2013 च्या पावसाळ्यात आमच्या करंज्याच्या किनाऱ्यावर एक निळं प्लास्टिकचं पिंप लागलं. कुठल्या जहाजाचं, कधी पडलेलं, देव जाणे. वरचा कागद पार धुऊन गेलेला, नुसत्या डिंकाच्या रेघा राहिलेल्या. आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येतं, त्यामुळे असं पिंप कोणी सोडत नाही. माझ्या भाच्यानं ते गडगडत घरी आणलं. मी कामावर होतो. तळाशी थोडे पांढरे पापुद्रे चिकटलेले होते. आई हातानं घासून धुवायला बसली. हाताला साबणासारखं बुळबुळीत लागलं, म्हणून साबणच असेल असं समजून तिनं आणखी घासलं. तासाभरानं शेजारच्या घरात जाऊन म्हणाली, “हात जलतान गो.” संध्याकाळी मी घरी पोचलो तेव्हा तिची बोटं पांढरी पडून सुरकुतली होती आणि दुसऱ्या दिवशी तळव्याची कातडी सोलून यायला लागली. पन्नास वर्षं मासळी साफ केलेले हात ते.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “मावशी, कशानं भाजलं?” माझ्यापाशी उत्तर नव्हतं. बावीस वर्षं मी डब्यांवरचे आकडे वाचले, पण त्या पिंपावर वाचायला काहीच शिल्लक नव्हतं. अल्कली असावं असा माझा अंदाज होता, पण अंदाजावर डॉक्टरनं किती चालायचं? मी पिंपाचा फोटो घेऊन एका सरकारी कार्यालयात गेलो. तिथून दुसरीकडे पाठवलं. तिथे एका साहेबांनी फोटो बघितला आणि म्हणाले, हे आमच्याकडे येत नाही, आम्ही तेलाचं बघतो. मग या पिंपाचं काय करू, असं विचारलं तर म्हणाले, द्या कुठेतरी टाकून. कुठेतरी म्हणजे कुठे? परत समुद्रात? जाताना मी एका बाटलीत ते पापुद्रे बांधून नेले होते. ती बाटली त्यांनी ठेवून घेतली, पावती दिली नाही आणि तपासणीचा निकाल आजतागायत आलेला नाही. मी चार वेळा खेपा घातल्या. आईचे हात भरून यायला दिवाळी उजाडली. उजव्या हाताची दोन बोटं अजून पूर्ण वळत नाहीत.

‘आम्ही तेलाचं बघतो’ हे वाक्य मी विसरलेलो नाही, आणि आपला मथळा वाचला तेव्हा तेच पुन्हा ऐकू आलं. समुद्रात काही सांडलं तर काय करायचं याचा देशाचा 1996 पासूनचा जो आराखडा आहे, त्याच्या नावातच ऑइल स्पिल, म्हणजे तेलगळती, आहे. भरपाईचंही तेच. टँकरमधलं तेल सांडलं तर आंतरराष्ट्रीय निधी आहे. घातक रसायनांसाठीचा तसा करार 1996 मध्ये झाला, 2010 मध्ये दुरुस्त झाला आणि 2025 उजाडलं तरी लागू झालेला नव्हता. म्हणजे माझ्या आईचा हात तेलानं खराब झाला असता, तर निदान कोणत्या खिडकीवर उभं राहायचं ते तरी कळलं असतं.

2010 चंही आपल्याला आठवत असेल. 7 ऑगस्टला, ऐन नारळी पौर्णिमेच्या तोंडावर, मुंबई बंदराबाहेर एमएससी चित्रा आणि खलिजिया 3 या जहाजांची टक्कर झाली. चित्रावर बाराशेवर डबे होते, त्यांतले 31 घातक मालाचे, त्यात कीटकनाशकंही होती. तेव्हा वर्तमानपत्रांनी ‘मासे खाणे टाळा’ असं ठळक छापलं. छापायलाच हवं होतं, माझी तक्रार त्याबद्दल नाही. पण पाण्याचे आणि मासळीचे नमुने नेल्यावर कोणत्या खाडीत काय सापडलं आणि कुठली मासळी कधीपासून खायला हरकत नाही, हे कोणीही तितक्याच ठळकपणे छापलं नाही. आमच्या बायका टोपल्या घेऊन बाजारात बसायच्या आणि गिऱ्हाईक लांबून वळसा घालून जायचं. किती आठवडे ते चाललं, हे ज्यांच्या घरात चूल त्या टोपलीवर पेटते त्यांना विचारा.

केरळचा माल आमच्या किनाऱ्यावर येईल असं मी म्हणत नाही. पावसाळ्यात किनाऱ्याचा प्रवाह दक्षिणेकडे असतो, हे आमच्याकडे नाखव्याच्या पोराला कळतं. पण वान हाय 503 कोलंबोहून कुठे निघालं होतं? न्हावा शेव्याला. तीच आग दोन दिवस उशिरा लागली असती तर धूर कुणाच्या घरात शिरला असता?

केरळात एल्सा 3 चे डबे किनाऱ्याला लागायला लागले तेव्हा सरकारनं लोकांना लगेच सांगितलं की दोनशे मीटर लांब राहा, हात लावू नका, 112 ला कळवा. जहाजातल्या मालाची यादी मात्र उच्च न्यायालयानं सांगितल्यावर लोकांसमोर आली. आमच्याकडे यादीसाठी न्यायालयात कोण जाणार? ती यादी अपघाताच्या दिवशीच, मराठीत, किनाऱ्यावरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत, मच्छिमार सोसायटीत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात लागली पाहिजे. यादी जहाज कंपनीकडे असते, बंदराकडे असते, एजंटाकडे असते. ज्याच्या दारात पिंप येऊन लागतं, फक्त त्याच्याकडे नसते. आणि आपण निदान ती निळी, लाल, पिवळी चित्रं एकदा रंगीत पानावर छापा. आमच्या गावात लोक ते पान कापून भिंतीला लावतील.

  

आणि ते पिंप मी कुठेतरी टाकलेलं नाही. झाकण तारेनं आवळून, वर ताडपत्री बांधून ते परसात माडाच्या पलीकडे ठेवलंय. बारा वर्षं झाली, आई नातवंडांना त्या बाजूला फिरकू देत नाही. तळाशी अजून थोडे पापुद्रे आहेत. कोणाला तपासायचे असतील तर यावं, मी घरीच असतो.

आपला नियमित वाचक,
करंजा, ता. उरण, जि. रायगड