मागची भिंत

वडगाव, बेळगाव
सोमवार

चि. मनीषास,
अनेक आशीर्वाद.

इसार दिलास हे तुझ्या आईकडून कळलं. परवा फोनवर माझा आवाज चढला, पण घर घेतलंस म्हणून नव्हे. सागवानी तुळया, परसात आड, कर्ज दोघांच्या नावावर. आपल्यात असं आधी कुणी केलेलं नाही. मला फक्त ती मागची भिंत... राहू दे, तिचं नंतर.

आधी कागद. 30 वर्षांची ईसी, म्हणजे बोजाचा दाखला, काढ. फॉर्म 15 वर आतापर्यंतचे व्यवहार आणि बोजा दिसतो. फॉर्म 16 मिळाला तर तेवढ्या काळात नोंद नाही असं समज. घर वडिलोपार्जित आहे, तेव्हा विकणाऱ्याच्या बहिणींच्या सह्या खरेदीखतावर हव्यात, नाहीतर आधीचं नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र. "ताई काही म्हणायच्या नाहीत" यावर जाऊ नको. कागद कन्नडात असतील. जावईबापू कन्नड फर्डं बोलतात, पण वाचायला जाणता माणूस घ्या आणि चतुःसीमा हातात धरून चारी बाजूंना उभे राहा. मागची भिंत सामाईक निघाली तर तिला हात लावायलाही शेजाऱ्याची संमती लागेल. बघ, परत तिथंच आलो.

शाकारणी मिरगाच्या आत व्हायला हवी. मंगळुरी कौलं शंभर चौरस फुटांना साधारण 140 लागतात. फुटतूट धरून दीडशे आण. जुनी-नवी मिसळू नका. साचे वेगळे असतात, खाचा नीट बसत नाहीत आणि तिथूनच पाणी आत येतं. पश्चिमेच्या पाख्यावर सगळी नवी, पूर्वेला निवडलेली जुनी. प्रत्येक तुळईचं भिंतीत गेलेलं टोक पेचकसानं टोचून बघ, मधला भाग नव्हे. लाकूड कुजतं ते टोकाला. पेचकस सहज अर्धा इंच आत गेला तर ती तुळई बदलायचीच. इथं शाकारणीला तू शिडी धरून माझ्या पायऱ्या मोठ्यानं मोजायचीस. अठरा.

आता भिंत. तू पाठवलेल्या फोटोत खालच्या दोन फुटांत लोणा लागलेला दिसतो, रंगाचे पापुद्रे सुटलेत आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग गेलीय. भिंत मातीची, वर सिमेंटचा गिलावा. रोग तोच. मातीत शिरलेली ओल सिमेंटमधून बाहेर पडत नाही. मातीची भिंत पहिल्या सरीला पडत नाही गं. पायातून दहा-पंधरा दिवस पाणी पीत राहते, मऊ होते, आणि मग एखाद्या रात्री बसते. 2019 च्या ऑगस्टात काकूच्या घरी रात्री दोन वाजता आपण काय उपसत होतो ते तुला आठवत असेल. मी लिहीत नाही.

मागची जमीन जोत्याच्या वर चढलीय, ती आधी उतरवा. जोतं फूटभर उघडं दिसलं पाहिजे, उतार भिंतीपासून लांब आणि वळचणीला पन्हळ. सिमेंट हलक्या हातानं काढून भिंत पूर्ण वाळू द्या. मग भुसा घातलेला चिखलगिलावा, वर चुना. भेगेवर काचेची पट्टी आडवी चिकटवा आणि बाजूला पेन्सिलीनं तारीख लिहा. काच तडकली तर भिंत अजून हलतेय. कंत्राटदार म्हणेल, कौलं काढून स्लॅब टाकू. चार इंची स्लॅब चौरस मीटरला अडीचशे किलो भरतो. त्या भिंतींवर तो नको, कुणी कितीही सांगितलं तरी.

फार झालं. तू दोन मुलांची आई आहेस आणि मी ओव्हरसियर असल्यासारखा लिहीत बसलोय. माफ कर. तरी एवढं वाच: वायरिंग सगळं नवं, अर्थिंगसकट, 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारी कळ), गीझरला 4 स्क्वेअर एमएमची वायर. वाळवीला 20 टक्क्यांचं क्लोरपायरिफॉस, 1 लिटरला 19 लिटर पाणी. जोत्याच्या कडेनं फुटाफुटावर भोकं, प्रत्येकात लिटरभर. आडाच्या बाजूला थेंबही नको, ते पाणी पोरं पिणार. आणि अंदाजपत्रकाच्या वर चौथा हिस्सा बाजूला ठेव. जुनं घर उघडलं की आत काय निघेल ते गवंड्यालाही आधी कळत नाही.

घराला नाव काय ठेवणार, ते आईनं विचारलंय. मला बरं वाटलं, ते सांगायचं राहिलं होतं.

रविवारी सकाळच्या बसनं ओळंबा घेऊन येतो. आई धपाटे आणि लसणाची चटणी देतेय. तोवर धाकटीचा पाळणा टांगाल तो मधल्या खोलीत टांगा. मागच्या खोलीत नको.

तुझा,
बाबा