शुक्राचे उसने चुंबकत्व

माननीय संपादक,
स. न.

आपल्या रविवार पुरवणीतला शुक्रावरचा लेख आवडला. मात्र ‘शुक्राला चुंबकीय क्षेत्र नाही, त्यामुळे सौरवारा थेट त्याच्या हवेवर आदळतो’ हे वाक्य खटकले. (सौरवारा म्हणजे सूर्याकडून सतत सुटणारा विद्युतभारित कणांचा झोत.) शाळेत विज्ञान शिकवताना हाच समज मुलांच्या मनात घट्ट बसलेला मी पाहिला आहे, म्हणून लिहितो.

शुक्राच्या पोटातून निघणारे क्षेत्र सापडलेले नाही, हे खरेच. १९६२ साली मरिनर-२ हे यान जवळून गेले, त्यालाही ते मिळाले नाही. पण १९७८ पासून पायोनियर व्हीनस हे यान शुक्राभोवती फिरू लागले, आणि आयनांबरातून, म्हणजे वरच्या हवेच्या विद्युतभारित थरातून, जाताना त्याला चुंबकीय क्षेत्र आढळले! नॅनोटेस्ला या चुंबकीय क्षेत्राच्या एककात ते कधी शंभराच्या आत, कधी शंभराच्याही वर. आपल्याकडे जमिनीवर ते ४०,००० हून जास्त असते, तेव्हा हे क्षीणच; पण आहे.

हे क्षेत्र सूर्याकडून आलेले आहे. सौरवारा सूर्याचे चुंबकत्व सोबत वाहून आणतो. शुक्राच्या वरच्या हवेतले कण उन्हाने विद्युतभारित झालेले असतात, त्यामुळे तिथून वीज वाहू शकते. बाहेरचे क्षेत्र आत घुसू लागले की या थरात प्रवाह उठतात आणि त्याला थोपवतात. मग क्षेत्ररेषा उजेडाच्या बाजूला साचतात आणि ओढ्यातल्या दगडाला शेवाळ अडकावे तशा ग्रहाला वेढून मागे लांब शेपूट सोडतात. म्हणजे सौरवाऱ्याचा बराचसा भाग बाजूने वळतो, थेट आदळत नाही.

सौरवाऱ्याचा जोर वाढला की हे क्षेत्र पृष्ठभागापासून २०० किलोमीटर उंचीच्याही खाली उतरते. जोर कमी असताना मात्र आयनांबरात चुंबकीय रेषांचे पीळ दिलेले बारीक दोर तरंगताना दिसतात. मला सर्वांत विलक्षण वाटतात ते हेच. ते वळले कसे, यावर एकमत नाही. आयनांबराच्या वरच्या सीमेवर दोन प्रवाह एकमेकांना घासून उठणाऱ्या लाटांतून ते सुटतात, असे एक मत आहे.

शुक्राला स्वतःचे क्षेत्र नसण्याचे कारण म्हणून लेखात त्याची २४३ दिवसांची संथ गिरकी दिली आहे. तेवढ्याने भागत नाही. गाभ्यातली उष्णता पुरेशा वेगाने बाहेर पडत नसावी, म्हणून क्षेत्र निर्माण व्हायला लागते तसे तिथले द्रव लोखंड घुसळले जात नाही, असे अनेक अभ्यासकांना वाटते.

इस्रोच्या शुक्रमोहिमेला सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली असून उड्डाण मार्च २०२८ मध्ये अपेक्षित आहे. तोवर आपल्या पुरवणीतली कात्रणे कितीतरी मुले वहीत चिकटवतील. पुढच्या रविवारी एका आकृतीसह ही दुरुस्ती छापावी, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक निवृत्त विज्ञानशिक्षक, सातारा