दगड झालेल्या कोंबडीबद्दल

पुणे,
रविवार, दुपारी तीन

प्रिय गड्या,

परवा रात्री साडेआठला तुझा फोन आला तेव्हा मी जेवायला बसलो होतो. "अर्धा किलो चिकन फ्रीजरमध्ये पार दगड झालंय, पोटात कावळे ओरडतायत, काय करू?" असं तू विचारलंस आणि मी तोंडातला घास तसाच ठेवून "गरम पाण्यात टाक की लेका" म्हणून मोकळा झालो. तासाभराने तुझा मेसेज आला : बाहेरून पांढरट पडलं, आत बर्फ तसाच, शेवटी पोहे करून खाल्ले. सावजी रस्सा हाकेच्या अंतरावर मिळतो त्या नागपुरात माझा मित्र चिकन समोर असून पोहे खाऊन झोपला, याचं पाप माझ्या माथी. म्हणून हे सविस्तर पत्र. बायको शेजारी वाचत बसलीय आणि मधूनमधून हसतेय, ते वेगळंच.

तर पहिली कबुली : गरम पाण्याचा सल्ला साफ चुकीचा होता. गोळा गरम पाण्यात टाकला की वरचं मांस कोमट होऊन बसतं आणि आतलं गोठलेलंच राहतं. फ्रीजर जंतूंना मारत नाही, नुसता झोपवतो. ४ ते ६० अंश सेल्सिअसच्या मध्ये ते जागे होतात आणि भराभर वाढतात, म्हणजे वरच्या थराला आपणच त्यांच्या सोयीचं हवामान करून देतो. सकाळी ऑफिसला जाताना पिशवी ओट्यावर काढून ठेवायची आणि संध्याकाळी येऊन फोडणी द्यायची, हेही त्यातलंच. आपल्याकडे घरोघरी करतात, पण नागपूरच्या मे महिन्यात तर तसं अजिबात करू नकोस. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर ठेव, नाहीतर घट्ट बांधलेली पिशवी थंड पाण्यात बुडवून दर अर्ध्या तासाने पाणी बदल. अर्धा किलोला तासभर पुरतो. आणि भूक लागलेल्या माणसाकडे तेवढाही वेळ नसेल, तर सरळ गोठलेलंच पातेल्यात.

हो, सरळ गोठलेलं. मीही आधी नाक मुरडलं होतं. पण अमेरिकेच्या कृषी खात्याचाही तोच सल्ला आहे : गोठलेलं चिकन न वितळवता गॅसवर किंवा ओव्हनमध्ये शिजवायला हरकत नाही, वेळ साधारण दीडपट धरायचा. फक्त स्लो कुकरमध्ये घालायचं नाही, कारण तो इतका रमतगमत तापतो की मांस त्या ४ ते ६० च्या पट्ट्यात तासन् तास लोळत राहतं.

आता तू म्हणशील, मग त्या वेळी का नाही सांगितलंस. कारण मी स्वतः एकदा हे करून तोंडावर आपटलोय आणि तेव्हापासून तो विषयच टाकला होता. लग्नाच्या पहिल्या वर्षातली गोष्ट. ही माहेरी गेलेली आणि ऑफिसातले दोघं जेवायला येणार होते. मी ऐटीत कढईत तेल तापवलं, आईने साताऱ्याहून दिलेला कांदा-लसूण मसाला घालून वाटण परतलं आणि त्यावर गोठलेला गोळा तसाच सोडला. जे काही तडतडलं म्हणतोस! बर्फ आणि तापलेलं तेल यांचं हाडवैर आहे. मनगटावरचे ते चार डाग तू पाहिलेस, मांजराने ओरबाडलं म्हणून तुला थाप मारली होती. पुढे गोळ्याखालचं वाटण करपून काळं, गोळ्याच्या बाजूला पाण्याचं तळं, आणि अर्ध्या तासाने सुरी घातली तर आत कचकन बर्फ लागला. पाहुण्यांना अंडाभुर्जी खाऊ घातली.

चूक कुठे झाली ते कळायला मला नंतर बरीच वर्षं लागली, आणि कळलं ते आठवीतल्या विज्ञानाच्या तासामुळे. सरांनी फळ्यावर लिहून दिलेलं आठवतंय? बर्फाच्या वितळण्याचा अप्रकट उष्मा, ८० कॅलरी प्रति ग्रॅम. आपण ते पाठ केलं, गुण मिळवले आणि विसरलो. त्याचा अर्थ असा, की शून्य अंशाच्या बर्फाचं शून्य अंशाचंच पाणी करायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तेच पाणी ८० अंशांपर्यंत तापलं असतं. आणि कोंबडीच्या मांसात साधारण तीन चतुर्थांश पाणीच असतं. म्हणजे गोळा नुसता सुटा व्हायलाच जवळपास शिजण्याइतकी उष्णता खातो. तोवर वाटणाने बिचाऱ्याने काय करायचं? करपायचं.

दुसरी गंमत त्याहून भारी आहे. बर्फातून उष्णता पाण्यापेक्षा जवळजवळ चौपट सहज जाते. त्यामुळे सुरुवातीला वरचा थर पटकन मऊ पडतो, आपल्याला वाटतं झालंच आता, आणि मग तोच मऊ थर आतल्या बर्फावर गोधडीसारखा पडून राहतो. जितकं वितळत जाईल तितकं पुढचं हळू. म्हणून मोठ्या आचेची मस्ती इथे चालत नाही. पाणी उकळलं की शंभर अंशांपाशी थांबतं, त्यापुढे गॅस मोठा केला तर सिलिंडर लवकर संपतो, बाकी काही नाही.

आता कृती. वहीत लिहून घे, मी पुन्हा फोनवर सांगणार नाही.

कढई नको, जाड बुडाचं पातेलं घे. त्यात पेलाभर पाणी उकळत ठेव, म्हणजे आधणच समज. हळद, मीठ आणि ठेचलेलं आलं-लसूण त्यातच. उकळी फुटली की चिकनचा गोळा हलकेच सोड. तेलाचा थेंबही नाही अजून. पाणी क्षणभर गप्प बसेल, तेव्हा आच मोठी ठेव. पुन्हा उकळायला लागलं की मध्यम कर. मग वर खोलगट झाकण ठेवून त्या झाकणात पाणी ओत.

हे झाकणातलं पाणी म्हणजे आपल्या आया-आज्ज्यांचं खरं डोकं. मी लहानपणी विचारायचो की पाणी आत घालायचं सोडून वर कशाला, तर आजी म्हणायची, "कोंबडी वाफेवर शिजते, पाण्यात नाही." झाकण वरून गार राहतं, आतली वाफ त्याला लागून पुन्हा थेंब होऊन खाली पडते, म्हणून थोड्या पाण्यातही बूड लागत नाही. आणि मध्येच पाणी कमी वाटलं तर झाकणातलं तापलेलं पाणीच आत घालायचं. नळाचं गार ओतलंस तर आजी वरून ओरडेल.

सात-आठ मिनिटांनी झाकण काढ. कडेचे तुकडे सुटायला लागलेले दिसतील. चिमट्याने आणि उलथन्याने एकेक अलगद ओढून घे आणि गोळा उलटा कर. सुरीने भोसकू नकोस, ती घसरते आणि मग टाके घालायला दवाखाना शोधावा लागतो. पुन्हा झाकण, पुन्हा पाच-सात मिनिटं. साधारण पंधरा मिनिटांत सगळे तुकडे सुटे होतात आणि खरं शिजणं तिथून सुरू होतं. तिथून पंचवीस मिनिटं धर. गोळा जाड असेल तर घड्याळ विसर, तुकडे सुटे झाल्यापासूनच मोज.

या चाळीस मिनिटांत तू रिकामा बसणार नाहीयेस. दुसऱ्या शेगडीवर तव्यात उभा चिरलेला कांदा तेलावर तांबूस भाज, सुकं खोबरं खमंग होईपर्यंत परत, चमचाभर धणे आणि तीळ. गार करून मिक्सरला बारीक वाटून घे. मग कढईत तेल, त्यात वाटण, कांदा-लसूण मसाला, आणि कडेने तेल सुटेपर्यंत परतत राहा. चिकन शिजलं की ते त्याच्या पाण्यासकट या कढईत ओत आणि दहा मिनिटं उकळ. तर्री वर आली की ज्वारीची भाकरी शोधायला लाग. मसाला शेवटी भेटतो म्हणून चव आत जात नाही, असं बायकोचं मत आहे. सुक्या चिकनच्या बाबतीत ती बरोबर आहे. रश्श्याच्या बाबतीत मी हार मानणार नाही : वितळवलेल्या चिकनमधून जे लालसर पाणी सुटतं (ते रक्त नव्हे, मांसाचाच रंगीत रस) ते एरवी आपण बेसिनमध्ये ओततो, इथे ते पातेल्यातच राहतं.

कुकरचं विचारशील म्हणून सांगतो. चालतो, पण शिट्ट्या मोजून फसू नकोस. शिट्टी पाण्याची असते, कोंबडीची नाही. भोवतीचं पाणी उकळून शिट्टी झाली तरी गोळ्याच्या पोटात थंडी वाजतच असते. आधी उघड्या कुकरमध्ये तुकडे सुटे करून घे, मग झाकण लाव. आणि लॉलीपॉप, कबाब, तळलेलं काहीही गोठलेल्या कच्च्या चिकनचं करायचं नाही. मनगट दाखवू का पुन्हा?

शिजलं की नाही ते बघायचं कसं? इथे मी बरीच वर्षं रंग बघायचो आणि फसायचो. हाडालगत लालसर दिसलं की कच्चं समजून अजून दहा मिनिटं, अजून दहा मिनिटं, शेवटी मांसाचा चोथा. दुकानातली ब्रॉयलर कोंबडी जेमतेम सहा आठवड्यांची असते, तिची हाडं अजून सच्छिद्र असतात. गोठताना आतल्या मज्जेचा रंग बाहेर झिरपतो आणि हाडालगतचं मांस पूर्ण शिजलं तरी काळपट-लाल दिसतं. उलट पांढरं दिसलं म्हणून शिजलंच, असंही नाही. खरा साक्षीदार तापमान. सुईचा थर्मामीटर मिळतो, तो सगळ्यात जाड तुकड्यात, हाडाला न टेकवता खुपस. ७४ अंश दाखवले की गॅस बंद. तो नसेल तर तंगडीचा सगळ्यात मोठा तुकडा फोडून बघ : मांस हाडावरून आपोआप सुटलं पाहिजे आणि मधोमध वाफाळतं गरम पाहिजे. ही दुसरी खूण पहिलीइतकी पक्की नाही, म्हणून मी शेवटी थर्मामीटर घेतला. आई त्याला "कोंबडीला ताप आलाय का बघतोय" म्हणते.

आईवरून आठवलं. तिला हे सगळं पटतं, एक सोडून. न धुता? गोठलेला गोळा धुणार कसा, म्हटलं तर ती म्हणते मग करूच नको. तिला मी अजून सांगू शकलेलो नाही की कच्चं चिकन नळाखाली धुतल्याने जंतू जात नाहीत, शिंतोड्यांबरोबर बेसिनभर, ओट्यावर, शेजारच्या कोथिंबिरीवर उडतात. ते मरतात उष्णतेनेच. तू एकटा राहतोस, तुला सांगतो. तिच्यासमोर मीही धुतो आणि नंतर ती बघत नसताना बेसिन साबणाने घासतो.

सगळ्यात महत्त्वाचं खरं तर शिजवण्याच्या आधीचं आहे. तू दुकानातून आणलेली पिशवी तशीच गाठ मारून फ्रीजरमध्ये कोंबलीस ना? म्हणून तो चेंडू झाला. पुढच्या वेळी चिकनवाल्या भाऊंना करी कट, लहान तुकडे करायला सांग. घरी आणल्या आणल्या हळद, मीठ, आलं-लसूण चोळ आणि एका वेळेपुरतं चिकन झिपच्या पिशवीत घालून हाताने थापून सपाट कर, बोटभर जाडीचं, हवा काढून टाक. ताटावर आडवं ठेवून गोठव. पातळ थर लवकर गोठतो, बर्फाचे कण बारीक राहतात, मांस कमी फाटतं. आणि काढशील तेव्हा पापडासारखं मोडून पातेल्यात टाकता येतं. मुरवणही आपोआप होतं, म्हणजे बायकोचा आक्षेपही अर्धा निकाली. पिशवीवर तारीख लिही. आषाढात गटारीला हौसेने जास्त आणलेलं चिकन श्रावण सरल्यावर गौरी-गणपतीनंतर सापडतं, असं आमच्याकडे दोनदा झालंय. बिघडत नाही, पण चव कोरडी पडते.

आता तुझ्या त्या गोळ्याचं. परवा गरम पाण्यातून काढून तू तो परत फ्रीजरमध्ये टाकला असशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे. तसं केलं असशील तर तो दे टाकून, शंभर-सव्वाशे रुपयांसाठी जीव काढू नकोस, ती रक्कम माझ्याकडे मागायची. नव्याने आणशील तेव्हा सपाट गोठव आणि पहिल्या पातेल्याचा फोटो पाठव, झाकणातल्या पाण्यासकट. वहिनी शाळेला सुट्टी लागल्यावर तिकडे येतील तेव्हा त्यांच्याबरोबर आईच्या कांदा-लसूण मसाल्याची बरणी पाठवतोय. यंदाचा जरा जास्तच झणझणीत झालाय, चमच्याच्या जागी अर्धाच घाल.

तुझा,
मनगटावर चार डागवाला