मेथीचं पाणी फेकू नका, भारंगीचं फेका

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपल्या पुरवणीत पालेभाज्यांवर एक चौकट होती. कडू पालेभाजी चिरून तिला मीठ चोळून ठेवावं आणि सुटलेलं पाणी घट्ट पिळून टाकून द्यावं, असं त्यात म्हटलं होतं. कोणती पालेभाजी, ते लिहिलेलं नव्हतं. शेजारी फोटो मात्र मेथीचा. मंगळवारी माझ्याकडून डबा नेणारी एक मुलगी म्हणाली, "काकू, तुमच्या मेथीला चव असते, मी केली तर गवतासारखी लागते." खोदून विचारलं तेव्हा कळलं, ती चौकट वाचून तिने दोन जुड्या मेथी पिळून काढली होती. वाटीभर हिरवंगार पाणी मोरीत गेलं. म्हणून हे पत्र.

मी डोंबिवलीत बावीस वर्षं पोळी-भाजी केंद्र चालवते. मंगळवार आणि शुक्रवार मेथीचा. थंडीच्या दिवसांत एका वेळेला तीस-तीस जुड्या निवडल्या जातात. माझं माहेर सोलापूरकडचं. तिथे मेथी शिजवण्याआधी कच्चीच खातात. कोवळा पाला, बारीक चिरलेला कांदा, दाण्याचं कूट, तिखट, मीठ आणि वरून कच्चं तेल, की झाला घोळाणा. गरम भाकरीबरोबर आम्ही भावंडं ताटली पुसून खायचो. मेथी कडू लागते अशी तक्रार कुणी केल्याचं मला आठवत नाही. तो कडूपणाच तर मेथीची चव. शिवाय फोलेट आणि क जीवनसत्त्व ही दोन्ही पाण्यात विरघळणारी. पिळलेल्या पाण्याबरोबर तीही जातात. पराठ्यासाठी पाल्याला मीठ लावलंच, तर सुटलेल्या पाण्यातच कणीक भिजवावी. वेगळं पाणी फारसं लागतही नाही.

आता भारंगी. माझं सासर संगमेश्वरकडचं. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात स्टेशनबाहेर मुरबाडकडच्या बायका रानभाज्या घेऊन बसल्या होत्या. पानं कोवळी दिसली म्हणून मी भारंगी घेतली आणि मेथीसारखी फोडणीला टाकली. एक घास कुणाच्या घशाखाली उतरला नाही. सासूबाई रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी परत भारंगी आणवली आणि मला शेजारी उभं करून शिकवली. कोवळी पानंच घ्यायची, बारीक चिरायची, भरपूर पाण्यात उकळायची, ते पाणी फेकून पाला घट्ट पिळायचा. मग तेलावर कांदा, ठेचलेला लसूण, मिरची, सोललेले कडवे वाल परतून शिजवायचे, त्यात पाला, शेवटी गुळाचा खडा आणि ओलं खोबरं. एवढं केल्यावरही थोडा कडूपणा राहतोच, आणि तेवढा हवाच. म्हणजे आपल्या चौकटीतलं पाणी फेकणं चुकीचं नाही, ते भारंगीचं आहे. मेथीच्या फोटोशेजारी ते छापलं गेलं, एवढीच माझी तक्रार.

साठवणीबद्दलही त्यात लिहिलं होतं, की जुडी आणल्या आणल्या धुऊन पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवा. हे कृपा करून कुणी करू नका. बाजारात जुड्यांवर पाणी मारलेलं असतंच. त्यात आपण धुतली आणि पिशवीला गाठ मारली की दुसऱ्या दिवशी जुडीचा मधला भाग हाताला बुळबुळीत लागतो, तिसऱ्या दिवशी वास. मी सुतळी आधी सोडते, मातीसकट मुळं कापते, पाला जमिनीवर सुती कपड्यावर मोकळा पसरून अर्धा तास पंख्याखाली ठेवते. पिवळं आणि काळपट पान तिथेच बाजूला. मग कोरड्या सुती फडक्यात सैल गुंडाळून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात. चार-पाच दिवस पान ताठ राहतं. शेजारी सफरचंद, केळी किंवा पिकलेला टोमॅटो नको. पिकणाऱ्या फळातून निघणाऱ्या इथिलीन वायूने पाला लवकर पिवळा पडतो.

मी पूर्वी मेथी आपल्याच वर्तमानपत्रात गुंडाळायची. ओल शोषायला तो कागद उत्तम, यात शंका नाही. पण 2016 साली अन्न सुरक्षा प्राधिकरणाने छापील कागदात अन्न गुंडाळू नये अशी सूचना काढली, कारण शाईतले घटक अन्नात उतरतात. तेव्हापासून सासऱ्यांच्या जुन्या धोतराची फडकी वापरते. आपली चौकट मात्र अजून "वर्तमानपत्रात गुंडाळा" सांगते. आपण स्वतः वर्तमानपत्र असल्यामुळे तर हे वाक्य आधी वगळायला हवं.

धुण्याची वेळ शिजवण्याच्या आधीची, आणि चिरण्याच्याही आधीची. मोठ्या पातेल्यात पाला बुडवायचा आणि हाताने वर उचलून घ्यायचा. पातेलं चाळणीत उपडं करायचं नाही, नाहीतर तळाला बसलेली रेती परत पाल्यावर येते. असं तीनदा. मुंबईत वाळूत वाढवलेली समुद्रमेथी मुळांसकट मिळते, तिला चार-पाच वेळासुद्धा लागतं.

कढईवर झाकण ठेवायचं नाही, हे आई सांगायची. कारण मला पुष्कळ वर्षांनी कळलं. पाला तापला की त्यातली आम्लं सुटतात आणि हिरव्या रंगाचा नाश करतात. झाकण नसेल तर त्यातली बरीचशी वाफेबरोबर निघून जातात. झाकली की भाजी काळपट होते. रंग टिकवायला चिमूटभर खायचा सोडा घालणारेही आहेत. रंग राहतो खरा, पण जीवनसत्त्वं जातात आणि पाला लिबलिबीत होतो. मी लसूण तेलात लालसर होऊ देते, भिजवलेली मूगडाळ दोन मिनिटं परतते, मग मोठ्या आचेवर पाला. मीठ पाला बसल्यावरच. कढईभर दिसणारी मेथी मूठभर होते, आधी मीठ घातलं की हमखास खारट. कडूपणा ज्यांना जास्तच वाटतो त्यांनी दाण्याचं कूट वाढवावं. आणि जुडी घेतानाच पाहावं, फुलावर आलेली मेथी नको, ती जून असते.

आणखी एक गोष्ट, कारण "कडू ते औषधी" असं लोक सरसकट म्हणतात. दुधी भोपळा कडू निघाला तर तो खायचा नाही, रस तर मुळीच प्यायचा नाही. त्याने विषबाधा होते, माणसं दगावलेली आहेत. तिथे मीठ लावणं, पिळणं, उकळणं यांपैकी काहीच चालत नाही. चिरताना एक तुकडा जिभेला लावून बघावा आणि कडू लागला तर आख्खा दुधी टाकून द्यावा.

आपली पुरवणी डोंबिवलीत घरोघरी वाचली जाते, मुली कात्रणं फ्रिजवर लावतात. तेव्हा पुढच्या अंकात एवढी दुरुस्ती छापावी ही विनंती. आणि जून-जुलैमध्ये रानभाज्यांचं पान काढाल, तेव्हा भारंगीच्या चित्राखाली "उकळून पाणी फेका" हे ठळक अक्षरात असू द्या.

आपली नियमित वाचक,
डोंबिवली पूर्व