पुढे उभं राहायचं की मागे

चि. ईशान,

अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू विचारलंस, की कॉन्सर्टला दुपारपासून रांगेत थांबलं तर अगदी स्टेजसमोरच्या बॅरिकेडला चिकटून जागा मिळेल, जाऊ का? मी तेव्हा "लिहून कळवते" एवढंच म्हटलं, कारण याचं उत्तर हो-नाहीमध्ये देता येत नाही. एवढ्या मोठ्या मैदानात तू कुठे उभा राहतोस, त्यावर तुला काय ऐकू येणार, काय दिसणार आणि गर्दी वाढली तर तुझं काय होणार हे सगळं ठरतं. बँड एकच, रात्र एकच, पण पुढच्याची कॉन्सर्ट वेगळी आणि मागच्याची वेगळी.

आधी आवाजाचं सांगते, कारण त्यासाठीच तर जातोयस. उघड्यावर हजारो माणसांपर्यंत गाणं पोचवणं हे फार अवघड काम आहे. 15 ऑगस्ट 1965 ला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्स वाजले, तेव्हा समोर 55 हजारांवर माणसं होती. व्हॉक्स कंपनीने त्यांच्यासाठी मुद्दाम 100 वॅटचे ॲम्प्लिफायर बनवले होते आणि गळ्याचा आवाज जात होता तो स्टेडियममध्ये घोषणांसाठी बसवलेल्या स्पीकरमधून. लोकांच्या किंकाळ्यांपुढे हे सगळं तोकडं पडलं. स्टेजवरच्या चौघांना स्वतःचं वाजवणंसुद्धा धड ऐकू येत नव्हतं. चारच वर्षांनी, ऑगस्ट 1969 मध्ये, अमेरिकेतल्या वुडस्टॉक महोत्सवात चार लाखांच्या आसपास माणसं एका शेताच्या उतारावर बसली होती आणि बिल हॅन्ली या साउंड इंजिनिअरने उंच मनोऱ्यांवर चढवलेल्या स्पीकरमधून त्यांच्यापर्यंत गाणं पोचलं. गायकांची नावं सगळ्यांच्या लक्षात राहतात. मला मात्र हॅन्लीचं नाव तितक्याच आदराने घ्यावंसं वाटतं.

आता तू मैदानात शिरलास की स्टेजच्या दोन्ही बाजूंना बघ. केळीच्या घडासारखी, खाली येता येता आत वळलेली स्पीकरची माळ टांगलेली दिसेल. तिला लाइन ॲरे म्हणतात. 1992 मध्ये एल-अकूस्टिक्स या फ्रेंच कंपनीने आपली व्ही-डॉस्क यंत्रणा आणली आणि त्यानंतर मोठ्या कार्यक्रमांत ही पद्धत रुळली. माळेतले वरचे स्पीकर दूरच्या लोकांकडे रोखलेले असतात, खालचे जवळच्यांकडे. तू बॅरिकेडला टेकून उभा असशील तर यातलं बरंचसं तुझ्या डोक्यावरून निघून जाईल. तिथे तुला ऐकू येतील ते थेट स्टेजवरचे ड्रम, तुझ्या बाजूच्या गिटारवाल्याचा ॲम्प्लिफायर आणि स्टेजच्या कडेला ठेवलेले छोटे स्पीकर. समोरच सबवूफरची, म्हणजे खालच्या स्वरांसाठीच्या मोठ्या स्पीकरची, रांग असते, त्यामुळे बास छातीत घुमतो आणि गायकाचे शब्द त्यात बुडतात. ड्रमरच्या कपाळावरचा घाम मात्र दिसतो. ज्याला तेच हवं असतं त्याने पुढे जावं, त्यात काही चूक नाही.

गाणं पूर्ण ऐकायचं असेल तर मैदानाच्या मध्यावर, स्टेजपासून बरंच मागे, कठड्याने वेढलेला एक चौकोन शोध. तिथे मिक्सिंग कन्सोलवर साउंड इंजिनिअर बसलेला असतो. तो स्वतःच्या कानांना जे ऐकू येतं त्यावरूनच संपूर्ण मैदानाचा आवाज जुळवत असतो, म्हणजे त्याच्या आसपास उभं राहिलं की त्याच्या मनातला समतोल तुझ्या कानावर पडतो. बास गिटारची ओळ गिटारपासून सुटी ऐकू येते, मागे गाणाऱ्यांचे स्वर वेगळे ओळखता येतात. माझी आवडती जागा हीच. त्याच्या किंचित पुढे, मध्यरेषेच्या जवळ.

त्याहून मागे गेलास तर आणखी मनोरे लागतील. त्यांच्यावरचे स्पीकर मुद्दाम उशिरा वाजवतात. हवेत आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, त्यामुळे 100 मीटरवर तो जवळजवळ 0.3 सेकंद उशिरा पोचतो. मागच्या स्पीकरना तेवढंच थांबवलं नाही तर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येईल. पडद्यावरचं चित्र मात्र तत्क्षणी दिसतं, म्हणून लांबून पाहताना ड्रमवर काठी आधी पडते आणि आवाज नंतर येतो. टाळ्यांचंही तेच. 13 जुलै 1985 च्या लाइव्ह एड कार्यक्रमात लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर क्वीन हा बँड वाजत होता, समोर 72 हजार माणसं होती आणि त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी याने सगळ्यांना एकत्र टाळ्या वाजवायला लावल्या. त्याचं चित्रण नीट बघ. एवढ्या मोठ्या जागेत टाळी सगळीकडे एकाच क्षणी पडूच शकत नाही, ती पुढून मागे सरकत जाते. हे माहीत असूनही मी ते दरवेळी श्वास रोखून बघते.

आणखी एक, जे फक्त उघड्या मैदानातच अनुभवाला येतं. दिवसभर तापलेल्या जमिनीलगतची हवा गरम असते, त्यामुळे आवाज वर वळतो आणि मागच्या लोकांपर्यंत विरळ होऊन येतो. सूर्य मावळला, जमीन निवाली की तोच आवाज खाली वळायला लागतो. वारा सुटला तर तो ऐकता ऐकता येतो-जातो. अंधार पडल्यावर गाणं अधिक भरीव वाटतं त्याला रोषणाई आणि मनःस्थिती कारण असतेच, पण हवाही असते.

कानांविषयी मी हट्टी आहे, ते चालवून घे. 85 डेसिबलचा आवाज आठ तास सोसता येतो असं मानलं जातं आणि पुढे दर तीन डेसिबलला ती मुदत निम्मी होत जाते. म्हणजे 100 डेसिबलला पंधरा मिनिटं. स्पीकरजवळ 100 ही काही मोठी गोष्ट नाही. 1976 मध्ये लंडनच्या चार्ल्टनच्या मैदानावर द हू या बँडचा आवाज 32 मीटरवर 126 डेसिबल मोजला गेला आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. असल्या विक्रमांनी कानांचं नुकसान होतं म्हणून गिनीजने पुढे तो प्रकारच बंद केला. त्याच बँडचा गिटारवादक पीट टाउनशेंड कानांतल्या कायमच्या आवाजाबद्दल आणि कमी झालेल्या ऐकण्याबद्दल उघडपणे बोलत आला आहे. आतल्या कानातल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत, ईशान. तू गिटार शिकतोयस, तुला हे कान अजून खूप वर्षं लागणार आहेत. फोमचे बोळे नकोत, ते वरचे स्वर जास्त कापतात आणि सगळं घोंगडीखालून आल्यासारखं लागतं. वादकांसाठीचे फिल्टरवाले इअरप्लग घे, ते सगळे स्वर साधारण सारखेच खाली आणतात. पहिलं गाणं सुरू होण्याआधीच घाल. कान वाजायला लागल्यावर घालून उपयोग नाही.

आता गर्दी. इथे मी हळू लिहिणार आहे.

गर्दीत माणसं मरतात ती पायदळी तुडवली गेल्यामुळेच, असा सगळ्यांचा समज असतो. खरं म्हणजे बहुतेक जण गुदमरून जातात, कित्येकदा उभ्या उभ्याच. छातीवर दोन्हीकडून दाब आला की फासळ्या फुलत नाहीत आणि श्वास आत जात नाही. एका चौरस मीटरमध्ये पाचाहून जास्त माणसं झाली की धोका सुरू होतो. सहा-सात झाली की माणूस स्वतःच्या पायांनी चालत नाही, गर्दी पाण्यासारखी वाहते आणि तो तिच्याबरोबर जातो. 30 जून 2000 ला डेन्मार्कमधल्या रोस्किल्ड महोत्सवात पर्ल जॅम हा बँड वाजत असताना स्टेजसमोर नऊ तरुण दगावले. ते काही दंगा करायला आले नव्हते. तुझ्यासारखेच आवडत्या बँडजवळ जायला आले होते. मागच्यांना पुढे काय चाललंय ते दिसत नाही आणि ते थोडंसंच पुढे सरकतात. अशी हजारो माणसं थोडंसंच सरकली की पुढच्यावर किती भार येत असेल, याचा विचार कर.

जागासुद्धा गर्दीला घडवते. डिसेंबर 1969 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ऑल्टमाँटला रोलिंग स्टोन्स या बँडच्या कार्यक्रमाची जागा ऐनवेळी बदलली. जेमतेम एक मीटर उंचीचा स्टेज आधी ठरलेल्या ठिकाणी टेकडीच्या माथ्यावर असायचा होता, तो इथे उताराच्या तळाशी आला आणि वरची गर्दी त्यावर कलंडत राहिली. त्या दिवशी स्टेजसमोरच एक तरुण मारला गेला. त्याला बाकीची कारणं होतीच, पण उताराच्या तळाशी असलेला बुटका स्टेज हेही मी त्यात धरते. म्हणून आत शिरताच उतार कुठे आहे, मधले आडवे कठडे कुठे आहेत, कडेने बाहेर पडायचे रस्ते कुठे आहेत, ते बघून घे. मधले कठडे जागा अडवायला नसतात, मागचा दाब तिथे तुटावा म्हणून असतात. असा कठडा तुझ्या मागे असेल तर पुढे उभं राहणं पुष्कळ सुरक्षित.

खांद्याला खांदा लागला तर चालतं. हात वर करून चेहऱ्यापर्यंत आणता येत नसेल तर तिथून निघायची वेळ झाली असं समज, आवडतं गाणं चालू असलं तरी. हात छातीसमोर धर, म्हणजे फासळ्यांना जागा राहील. रेट्याच्या उलट ढकलू नकोस. लाट ओसरली की तिरपा, कडेकडे सरक. ओरडण्यात श्वास घालवू नकोस. शेजारचा पडला तर आधी त्याला उचल, नंतर गाणं. बॅरिकेडला असशील तर पलीकडच्या सुरक्षारक्षकाकडे हात वर कर, तो तुला ओढून काढेल. यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

तर माझं उत्तर असं. सुरुवातीचा बँड असेल तेव्हा पुढे जा, गर्दी सैल असते. त्या बँडला मन लावून ऐक, समोर निम्मं मैदान रिकामं असताना जीव तोडून वाजवणाऱ्यांना टाळ्यांची गरज जास्त असते. मुख्य बँड यायच्या आधी मित्रांसह मिक्सिंगच्या चौकोनापुढे ये आणि तिथेच राहा. शेवटची दोन-तीन गाणी आणखी मागे, उतारावरून बघ. तिथून सगळी माणसं एकदम दिसतात, आणि हजारो गळे एका ओळीवर एकत्र येतात तेव्हा काय होतं ते तिथूनच नीट कळतं. मला ते तू अनुभवावंस असं फार वाटतं. तरीही तुला बॅरिकेडच हवं असेल तर ते तू ठरव. मी नाही म्हणणार नाही, फक्त वरचं सगळं लक्षात ठेव.

राहिलेलं थोडक्यात. मैदान भरलं की फोनचं नेटवर्क बसतं, म्हणून तिकीट आधीच फोनमध्ये उतरवून घे आणि चुकामूक झाली तर भेटायची जागा ठरवून ठेवा. विजा चमकायला लागल्या आणि आयोजकांनी बाहेर पडायला सांगितलं तर वाद न घालता निघा, लोखंडी मनोऱ्यांपासून लांब. संपल्यावर लगेच दाराकडे धावू नका, गर्दी पांगू दे. तोवर स्टेज उतरवणारी माणसं कामाला लागलेली असतात, त्यांचं काम बघण्यासारखं असतं.

कितीही उशीर झाला तरी मला उठव. सुरुवातीचा बँड कसा होता ते मला त्याच रात्री ऐकायचंय.

तुझी,
आई